सतरंज्या उचलणाऱ्या पोरांच्या हाती यादी द्यायची आहे : खान्देशातले कार्यकर्ता शिबिर, तुमचे अनुभव हवेत

गिरणाकाठ

राम राम मंडळी.

सव्वीस वर्षं झाली, निवडणुकीच्या कामात आहे. पहिलं काम पाचोऱ्याच्या एका सभेत सतरंज्या अंथरायचं आणि सभा उठली की गुंडाळून टेम्पोत टाकायचं. अठरा पूर्ण झाले नव्हते, तरी गळ्यात रुमाल होता. त्यानंतर लोकसभा पाहिल्या, विधानसभा, जिल्हा परिषदा, सोसायट्या, दूध संघ, बाजार समित्या पाहिल्या. एक गोष्ट मात्र बदललेली दिसली नाही. पोरगा महिनाभर उन्हात फिरतो, निकालाच्या दिवशी गुलालात न्हातो आणि चौथ्या दिवशी त्याचा फोन कुणी उचलत नाही. पाच वर्षांनी त्याला पुन्हा बोलावतात ते सतरंज्यांनाच. तोवर त्याचं लग्न झालेलं असतं, तो सुरतेला कारखान्यात लागलेला असतो आणि त्याच्या जागी नवा सतरावर्षांचा पोरगा उभा असतो. आपल्याकडे दर निवडणुकीत कार्यकर्ता शून्यापासून सुरू होतो. शिकलेलं पुढच्याला मिळत नाही.

म्हणून आम्ही चौघांनी ठरवलंय, चैत्रात, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी तीन दिवसांचं शिबिर घ्यायचं. तिघे तीन वेगळ्या पक्षांतले, एक कुठल्याच पक्षात नाही. अमळनेरजवळ एका शाळेचं जुनं वसतिगृह मिळतंय. वय एकोणीस ते तीस, पस्तीस जण, त्यात निम्म्या मुली. भाषणकला, व्यक्तिमत्त्व विकास वगैरे ठेवणार नाही. त्याचे वर्ग गल्लोगल्ली आहेत.

पहिला अख्खा दिवस मतदार यादीवर घालवावा असं माझं ठाम मत आहे. कारण सांगतो. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत आमचं पॅनल एका वॉर्डात सात मतांनी पडलं. मतदानाच्या दिवशी सकाळी कळलं की आमच्या आळीतली बावीस नावं शेजारच्या वॉर्डात गेली आहेत. केंद्राबाहेर आम्ही आरडाओरडा केला, उपयोग शून्य. स्थानिक निवडणुकीला राज्य निवडणूक आयोग वेगळी यादी तयार करत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेतात आणि ती वॉर्डांत किंवा प्रभागांत फोडतात. त्या फोडणीत चुका होतात, आणि प्रारूप यादी लागल्यावर हरकतीसाठी मोजके दिवस असतात. त्या दिवसांत आमच्यापैकी एकानेही तहसीलच्या फलकाकडे पाहिलं नव्हतं. आम्ही तेव्हा बॅनरचा मजकूर ठरवत बसलो होतो. आणि मुळात विधानसभेच्या यादीत ज्याचं नावच नाही, त्याला या टप्प्यावर घुसवता येत नाही. ते काम वर्षभर आधीचं. आता तर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा पूर्ण असावे लागतात) आहेत. अठरा पूर्ण झालेल्या पोराला वर्षभर थांबायची गरज नाही. नवं नाव नमुना ६, हरकत किंवा वगळणी नमुना ७, पत्ता बदल आणि दुरुस्ती नमुना ८. हे तीन कागद ज्याला डोळे मिटून भरता येतात, तो पोरगा गावात माणूस म्हणून ओळखला जातो. निवडणूक असो नसो.

दुसरं, जबाबदारी. मला घडवलं ते भाषणांनी नाही. आमच्या एका आबांनी (आता हयात नाहीत) मला चौऱ्याऐंशी घरांची यादी दिली आणि म्हणाले, "ही घरं तुझी. मला विचारायला येऊ नको, सांगायला ये." त्या एका वाक्यानं मी बदललो. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाचं नाव चुकलंय, कोणत्या दोन भावांचं बोलणं बंद आहे, कुणाकडे संध्याकाळीच जावं लागतं, सगळं मला माहीत झालं. आबांनी एकदाही माझ्या चौऱ्याऐंशी घरांत मला न सांगता पाऊल टाकलं नाही. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. आज यादी देतात, पण निर्णय देत नाहीत. पोरानं सांगितलं की या घरी पत्रक नको, आधी त्यांच्या पाण्याच्या जोडणीचं बघा, तर त्याचं कुणी ऐकत नाही.

आपल्या भागाला हे नवं नाही. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरींसारखी माणसं त्यामागे होती आणि साने गुरुजी गावोगाव फिरत होते. वीज नाही, नळ नाही, हॉटेल नाही. तरी देशभरातल्या लोकांची सोय शेतकऱ्यांच्या पोरांनी केली. त्या पोरांतूनच पुढे पूर्व खान्देशातले कार्यकर्ते उभे राहिले. हजारो माणसांचं पाणी आणि स्वच्छता सांभाळणं हेच त्यांचं प्रशिक्षण होतं.

तर विचारायचं एवढंच : तुम्ही कधी कुठल्या प्रचारात स्वयंसेवक सांभाळले असतील, किंवा स्वतः स्वयंसेवक असाल, तर काय चुकलं ते लिहा. काय बरोबर झालं त्यापेक्षा चुकलेलं जास्त उपयोगी पडेल.

---

पांझरेचं_पाणी

नाना, धागा काढलात ते फार बरं केलंत. धुळे तालुक्यातला अनुभव लिहितो.

यादीचा दिवस ठेवाच, पण त्याला जोडून पंचांगाचा एक तास ठेवा. खान्देशातला मतदार वर्षभर गावात नसतो. आमच्या गावातली निदान तीस टक्के घरं सुरतेच्या उधना-लिंबायतला आहेत. यादीत नाव इकडे, पोट तिकडे. आम्ही एका निवडणुकीत दोन महिने बंद दारांना पत्रकं लावत फिरलो. पुढच्या वेळी एका पोरीनं सुचवलं, कानबाईला (श्रावणातल्या देवीच्या सणाला) सगळी भाऊबंदकी रोटांसाठी गावी येते, त्या दोन दिवसांत प्रत्येक घरी जायचं. सणाच्या घरात प्रचार करायचा नाही. फक्त यादी घेऊन बसायचं : कोण वारलं, कोणाचं लग्न झालं, कोणाचा फोन बदलला. दोन दिवसांत जे झालं ते आधी दोन महिन्यांत झालं नव्हतं. आखाजीलाही तसंच. लेकी माहेरी येतात, त्यातल्या कितीकींचं नाव अजून माहेरच्याच यादीत असतं. त्यांना नमुना ८ समजावून सांगायला तो दिवस चांगला. आणि सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्याचं, साल आखाजीला संपतं, तो गाव बदलतो, त्याचं घर बदलतं. त्याच्याकडे कुणी जातच नाही.

दुसरं म्हणजे ऊन. २०२४ ला लोकसभेचं मतदान जळगाव, रावेर, नंदुरबारला १३ मे ला आणि आमच्याकडे धुळ्याला २० मे ला होतं. आमच्या प्रमुखानं दुपारी बारा ते चार असा घरभेटीचा तक्ता काढला होता, कारण बाकी वेळ सभांना राखून ठेवला होता. पहिल्याच दिवशी दोन मुली चक्कर येऊन पडल्या. घरचे संतापले आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. मे महिन्यात घरभेट सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी सहानंतर. दुपारी सावलीत बसून नोंदी, फोन. पाण्याची कॅन, कांदा, टोपी, ताकाचा कॅन या गोष्टी नियोजनाच्या कागदावर सगळ्यात वर लिहाव्यात.

---

सातपुड्याची_लेक

मी धडगावकडची. वाचताना वाटलं, हे सगळं सपाटीवरच्या गावांचं चाललंय. आमच्याकडे गल्ली नसते. एक पाडा या टेकडीवर, दुसरा त्या टेकडीवर, मध्ये नाला. चौऱ्याऐंशी घरं म्हणजे चार दिवसांची पायपीट. नर्मदाकाठच्या काही गावांत तर मतदानाची पथकंसुद्धा होडीनं जातात. तेव्हा एका माणसाला किती घरं द्यायची हे आकड्यावर ठरवू नका, चालण्यावर ठरवा.

भाषेचंही तेच. पत्रक मराठीत, भाषण मराठीत, आणि बाई घरात पावरी बोलते नाहीतर भिली. शहरातून आलेला कार्यकर्ता तिच्या नवऱ्याशी बोलून परत जातो. आमच्याकडे दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो आणि होळीला परत येतो. होळी म्हणजे आमचं सगळं. होळीच्या भोंगऱ्या बाजारात भेटणार नाही असा माणूस नाही. त्या दिवसांत एखाद्या पोराला टेबल मांडून बसवा, अर्ज भरून द्यायला. पक्षाचा झेंडा लावू नका म्हणजे लोक येतील.

शहाद्याचं तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. १९७२ च्या सुमाराला शहादा-तळोद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्याबरोबरच्या तरुणांनी श्रमिक संघटना उभी केली. जमिनी आणि मजुरीचा लढा होता. त्यांचं हत्यार होतं शिबिर. गावोगाव तरुण मंडळं काढली, पोरांना चार-चार दिवस एकत्र बसवलं, सातबारा कसा वाचायचा, मजुरीचा हिशोब कसा मांडायचा ते शिकवलं. मग बायकांचं शिबिर झालं. बायकांना विचारलं, तुमचा त्रास सांगा. त्यांनी मजुरी नाही सांगितली, दारू आणि मारहाण सांगितली. शिबिरातून उठून त्या गावागावात गेल्या आणि दारूची मडकी फोडली. कुणी आधी ठरवलेला कार्यक्रम नव्हता तो. माझी आजी त्यातली. ती अंगठा उठवायची, पण कोणत्या गावात कोणाच्या घरी थांबायचं, कोणत्या बाईला पुढे करायचं, हे सगळं तिच्या डोक्यात होतं.

म्हणून माझी सूचना : तीन दिवसांपैकी अर्धा दिवस रिकामा ठेवा. त्यात शिबिरार्थींनी ठरवायचं काय करायचं ते. तुम्ही चौघांनी गप्प बसायचं.

---

गिरणाकाठ

ताई, अर्धा दिवस रिकामा ठेवतो. शहाद्याचं माझ्याकडून सुटायला नको होतं. तुमच्या आजीबद्दल अजून लिहाल तर वेगळा धागा काढा, मी पहिला वाचेन.

---

रावेरचा_बागवान

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हे सगळं वाचायला चांगलं आहे. आमच्या केळीपट्ट्यात गेल्या दोन निवडणुकांपासून स्वयंसेवक राहिलेलाच नाही. सकाळी नाश्ता, दुपारी जेवण, गाडीत पेट्रोल आणि संध्याकाळी हातात रोख. ज्याच्याकडे जास्त, त्याच्या रॅलीत तीच पोरं. सकाळी एकाचा रुमाल, दुपारी दुसऱ्याचा. त्यात पोरांचाही दोष नाही. केळीच्या घडाला भाव नाही, नोकरी नाही, वय निघून चाललंय. तुम्ही त्याला तीन दिवस बसवून नमुना ८ शिकवणार आणि समोरचा त्याला एका दिवसाचे पैसे देणार. तो कुठे जाईल?

आणि तीन पक्षांची पोरं एका खोलीत बसवणार, तर एकमेकांची गणितं फुटणार नाहीत का?

---

गिरणाकाठ

बागवान, राग कशाला. तुम्ही लिहिलेलं खरं आहे, मी ते रोज पाहतो.

आधी पेट्रोलचं. गरीब घरच्या पोरानं स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून फिरावं अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. पेट्रोल, जेवण, फोनचा खर्च मिळालाच पाहिजे, नाहीतर या कामात फक्त खात्यापित्या घरची पोरं उरतील. पण तो खर्च चिठ्ठीवर, वहीत लिहून, उमेदवाराच्या हिशोबात धरून. विधानसभेला एका उमेदवाराची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो, नाही दिला तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. जिल्ह्याच्या दरपत्रकात चहाचा, नाश्त्याचासुद्धा दर ठरलेला असतो. हिशोब ठेवणारा पोरगा प्रचारात सगळ्यात मोलाचा, आणि त्याला कुणी शिकवत नाही. बी.कॉम. झालेली कितीतरी पोरं-पोरी रिकाम्या बसल्यात. त्यांना हे काम द्या, घोषणा देण्यापेक्षा ते त्यांना जास्त आवडेल.

आता रोख घेणारी पोरं. मी त्यांच्यातल्या काहींशी बसून बोललोय. एकानं मला सांगितलं, "नाना, रॅलीमा कोन्हीबी चालस. मन्हं नाव बी कोन्हले माहीत नही." ज्या कामात आपलं नाव कुणाला माहीत नाही, त्या कामाचे पैसेच मागावेत, दुसरं काय मागणार? त्याच पोराला मी पुढच्या वेळी चाळीस घरं दिली. त्यानं पेट्रोल घेतलं, रोजंदारी मागितली नाही. सगळे असे निघतील असं म्हणत नाही. दहातले चार निघाले तरी गाव चालतं.

गणितं फुटण्याचं म्हणाल तर शिबिरात कुणाची यादी, कुणाचा अंदाज आणायचा नाही. अर्ज, कायदा, हिशोब, माणसं सांभाळणं हे सगळ्यांचं सारखं आहे. समोरच्या पक्षाचा बूथवरचा पोरगा आपल्या ओळखीचा असेल तर मतदानाच्या दिवशी भांडणं कमी होतात, हेही मी पाहिलंय.

---

वाळवण

वाचतेय. माझं थोडं वेगळं.

नगरपालिकेला मी उभी होते, महिला राखीव जागेवर. पन्नास टक्के आरक्षणामुळे उमेदवारी मिळाली हे मान्य करते. पण प्रचाराचं नियोजन ज्या बैठकीत ठरायचं, ती रात्री साडेनऊला एका लॉनवर असायची. मी उमेदवार, आणि मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळायचं की आज मी कुठे जाणार आहे! माझ्याबरोबरच्या बायका तर त्या बैठकीला येऊच शकत नव्हत्या. घरी स्वयंपाक, मुलं, सासूचं औषध. त्यांना 'महिला आघाडी' म्हणायचं आणि ओवाळायला ताटं घेऊन उभं करायचं.

मग आम्ही आमची बैठक दुपारी दोनला सुरू केली, माझ्या जेठाणीच्या अंगणात. दिवस बिबडे-पापडाचे होते. नाहीतरी आळीतल्या दहाबारा जणी तिथे जमतातच. लाटता लाटता यादी वाचायची. एक वाची, बाकीच्या सांगत : ही पुण्याला गेली, हे वारले, या घरात नवी सून आली तिचं नाव नाही. पुरुषांच्या फेरीला जी माहिती तीन आठवड्यांत मिळाली नव्हती ती आम्हाला चार दुपारीत मिळाली. त्यातल्या एका मुलीला, तेवीस वर्षांची, मी सगळ्या बायकांच्या कामाची प्रमुख केलं. आधी ती हळू आवाजात बोलायची. शेवटी पोलिसांशी परवानगीचं तीच बोलून आली.

अजून एक चूक, ती मात्र मोठी आहे. पालिकेला एका मतदाराला एकापेक्षा जास्त मतं द्यायची असतात. नगराध्यक्षाचं एक, प्रभागातल्या प्रत्येक जागेचं एकेक. ग्रामपंचायतीलाही थेट सरपंच धरून तीन-चार मतं होतात. विधानसभेची सवय असलेली म्हातारी एक बटण दाबते आणि निघते. मग केंद्राध्यक्ष ओरडतात, ती घाबरते, आतून माणसं हाका मारतात. आम्ही चिन्ह पाठ करून घेतलं, पण एकूण किती बटणं दाबायची हे सांगितलंच नाही. शिबिरात पुठ्ठ्याची मशीन करून प्रत्येक शिबिरार्थीनं एका आजीला समजावून सांगितल्यासारखं करून दाखवायला हवं. हसतील पोरं, पण करून घ्याच.

मी हरले. त्या मुलीनं पुढे बचत गटाच्या प्रभाग संघाची निवडणूक लढवली आणि जिंकली.

---

पांझरेचं_पाणी

ताई, पुठ्ठ्याच्या मशीनला +१. आम्ही विधानसभेला केली होती, जिल्हा परिषदेला विसरलो. तिथेही गटाचं (जिल्हा परिषदेचं) आणि गणाचं (पंचायत समितीचं) अशी दोन मतं असतात.

---

काळा_कोट

जिल्हा न्यायालयात वकिली करतो. दर निवडणुकीनंतर माझ्याकडे वीस-बावीस वर्षांची पोरं येतात, बहुतेक आईला घेऊन. त्यामुळे हा धागा माझ्यासाठी फार जिव्हाळ्याचा आहे.

एक प्रसंग लिहितो, गाव सांगत नाही. प्रचार संपला होता. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६. त्या रात्री एका पोराला पत्रकांचा गठ्ठा दिला आणि सांगितलं, वाटून ये. पत्रकावर मुद्रकाचं नाव नाही, प्रकाशकाचं नाव नाही. कलम १२७ अ खाली ते असावंच लागतं. मजकूर दुसऱ्या उमेदवाराच्या जातीवरून होता. पोरगा पकडला गेला. ज्यानं गठ्ठा दिला त्याचा फोन बंद. पोरगा सैन्यभरतीची तयारी करत होता, मैदानी चाचणीत त्याचा नंबर लागत होता. आता साक्षांकन नमुन्यात गुन्ह्याची माहिती लिहावीच लागते, लपवली तर निवड रद्द होऊ शकते. त्याची आई मला म्हणाली, "वकीलसाहेब, त्यानं काय लिहिलंय ते वाचलंही नव्हतं हो." खरंच वाचलं नव्हतं.

तेव्हा नाना, शिबिरात एक गोष्ट सगळ्यात आधी शिकवा : हातात येणारा प्रत्येक कागद वाचायचा आणि नको त्या कामाला नाही म्हणायचं. 'नाही' म्हणायचा सराव करून घ्या. एकानं पुढारी व्हायचं, गठ्ठा द्यायचा, दमात घ्यायचं, लाडीगोडी लावायची. दुसऱ्यानं नम्रपणे नाकारायचं. आपल्याकडे भाऊ, दादा, आबा म्हटलं की पोराच्या तोंडून नाही निघत नाही. नात्याचा मान ठेवून नाही कसं म्हणायचं हे शिकवावंच लागतं.

बाकी विधानसभा-लोकसभेचं थोडक्यात. मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत मत मागायचं नाही. मतदारांना गाडीतून केंद्रावर फुकट नेणं हा भ्रष्ट आचार आहे, मग ती म्हातारी आपली आत्या का असेना. तिला तिच्या घरचे स्वतःच्या गाडीनं नेऊ शकतात. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा नाही. लहान मुलांना घोषणा द्यायला, पत्रकं वाटायला उभं करायचं नाही. आमच्याकडे हे सर्रास चालतं आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही.

आणि मतदान प्रतिनिधी, म्हणजे केंद्रात उमेदवाराच्या वतीनं बसणारा माणूस! या कामाला नेहमी जो उरेल त्याला बसवतात. वास्तविक तिथे सगळ्यात शांत डोक्याचं माणूस हवं. मतदान सुरू व्हायच्या ९० मिनिटं आधी अभिरूप मतदान होतं, किमान ५० मतं टाकून पाहतात, निकाल ताडून मग यंत्र शून्यावर आणतात. आपला प्रतिनिधी तेव्हा हजर पाहिजे, म्हणजे पहाटे पाचला घर सोडावं लागतं. शेवटी नमुना १७ क ची प्रत सही घेऊन मागायची. त्यावर एकूण किती मतं नोंदली ते असतं. मोजणीच्या टेबलावर तोच कागद ताडून पाहायचा असतो. कितीतरी प्रतिनिधी पाचला चहाला उठतात ते परत येत नाहीत. मग मोजणीला नुसत्या शंका, हातात कागद नाही.

---

मुपो_न्यू_जर्सी

मूळची चोपड्याची, गेली सतरा वर्षं इकडे. इथल्या प्रचारात मी स्वयंसेवक म्हणून दारोदार फिरले आहे, म्हणून लिहायचं धाडस करते.

इथे राजकीय प्रचाराचं प्रशिक्षण हा रीतसर विषय आहे. १९९८ साली न्यू हेवन शहरात गर्बर आणि ग्रीन या दोन प्राध्यापकांनी सुमारे तीस हजार मतदारांवर एक प्रयोग केला. काहींच्या दारात माणूस पाठवला, काहींना पत्र, काहींना फोन. प्रत्यक्ष दारात जाऊन बोललेल्यांचं मतदान स्पष्ट वाढलं, पत्रानं थोडंसं, फोननं काहीच नाही. नानांच्या आबांना हे प्रयोगाशिवाय माहीत होतं.

दुसरं मार्शल गँझ यांचं. ते सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत बरीच वर्षं होते, नंतर हार्वर्डला शिकवू लागले, आणि ओबामांच्या पहिल्या प्रचारात स्वयंसेवकांच्या शिबिरांमागे त्यांची पद्धत होती. त्यात पहिलं काम म्हणजे प्रत्येकानं दोन मिनिटांत सांगायचं, मी या कामात का आलो. पक्ष काय म्हणतो ते नाही, माझ्यावर काय गुदरलं ते. मग आपल्या सगळ्यांचं समान काय, आणि आत्ताच का. शेतमजूर संघटनेत घरगुती बैठकांची पद्धत होती. कुणाच्या तरी घरी शेजारपाजारची दहाबारा माणसं बोलवायची, आणि तिथून दोघा-तिघांनी आपापल्या घरी पुढची बैठक ठेवायची. वाळवण ताईंचं अंगण वाचताना मला तेच आठवलं.

इकडे एक शिस्त मला फार आवडली. संध्याकाळी फेरीहून परत आलं की दहा मिनिटं सगळे बसतात. आज काय झालं, काय अवघड गेलं, उद्या काय बदलायचं. कुणी कुणाला रागवत नाही. पहिल्या दिवशी एका घरात माझ्या तोंडावर दार आपटलं होतं. मी जवळजवळ रडत परत आले. त्या दहा मिनिटांत आणखी पाच जणांनी तसंच सांगितलं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेले. नाहीतर गेले नसते. आपल्याकडे संध्याकाळी शेवभाजी होते, गप्पा होतात, पण नवख्या पोराला कुणी विचारत नाही की बाबा तुझा दिवस कसा गेला.

---

रावेरचा_बागवान

न्यू जर्सीताई, ते दहा मिनिटांचं मनाला लागलं. माझा धाकटा एका प्रचारात गेला होता, चार दिवसांनी घरी बसला. विचारलं तर काही बोलेना. नंतर कळलं, एका घरात त्याला विचारलं, "मांगला येले बी तुम्हीच उनात, मंग पाच वरीस कोठे व्हतात?" त्याला उत्तर देता आलं नाही आणि प्रमुखाला विचारलं तर तो म्हणाला, दुर्लक्ष कर.

पैशाचं माझं मत बदललेलं नाही. पण नाना, त्या प्रश्नाला पोरानं काय उत्तर द्यायचं ते शिबिरात घ्या. तो प्रत्येक दारात येतो.

---

गिरणाकाठ

घेतो. आणि खोटं उत्तर शिकवणार नाही. मी स्वतः असं म्हणतो : "मावशी, नाही आलो, चुकलं. आता आलोय तर तुमचं काय अडलंय ते लिहून नेतो आणि पंधरा दिवसांनी मी स्वतः परत येऊन सांगतो, झालं की नाही झालं." यातलं परत येणं जमणार असेल तरच हे बोलायचं. म्हणूनच घरं थोडी द्यायची. तीनशे घरं दिली की परत येणं होत नाही आणि मावशीचा प्रश्न पाच वर्षांनी तसाच समोर उभा राहतो. तुमच्या धाकट्याला शिबिराला पाठवा. त्याला जे घडलं ते त्यानंच बाकीच्यांना सांगावं, माझ्यापेक्षा त्याचं जास्त ऐकतील.

---

ग्राउंड_पहाटे_पाच

राम राम नाना. मी पोलीस भरतीनी तयारी करी राहिनू. पहाटे ग्राउंड, दुपारले लायब्ररी. मन्हा मोठा भाऊवर मांगला इलेक्शनमा केस व्हयनी, म्हनीसन माय घरमाईन निघूच देत नही. शिबिरमा येवानी मन्ही इच्छा शे. पन केस व्हई का, हाऊच एक धाक शे. आनि मी कोन्हताच पक्षना नही, चाली का?

---

काळा_कोट

बेटा, शिबिरात बसून अर्ज भरायला शिकल्यानं गुन्हा होत नाही. आईला माझ्याशी बोलायला सांग, नाना नंबर देतील. भावाच्या केसचे कागदही घेऊन ये. कुठल्या टप्प्यावर आहे ते बघतो, फी नको.

---

गिरणाकाठ

चाली भो, पक्ष नसला तरी चाली. तुन्ही मायना धाक खरा शे, तिले घेईसनच ये. पहिला दिवस तिनंही बसावं, आम्ही काय शिकवतो ते पाहावं, मग ठरवावं. पहाटेचं ग्राउंड चुकणार नाही, वसतिगृहामागे मैदान आहे, आणखी तिघे भरतीवालेच येणार आहेत.

येताना एक काम कर. तुमच्या गावच्या यादीचा तुझ्या आळीचा भाग आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून, छापून घे. आईजवळ बस आणि नावं वाच. ती सांगेल त्याप्रमाणे पेन्सिलीनं खुणा कर : वारलेले, बाहेरगावी गेलेले, लग्न होऊन आलेल्या, अठरा पूर्ण झालेले. पेनानं नको, चुकतं. तो कागद घेऊन आलास की पहिल्या दिवशी आपण त्याच्यावरच सुरुवात करू.

---

ग्राउंड_पहाटे_पाच

काल रातले बठनूत. मायले बठ्ठ्या आळीना नावं तोंडपाठ शेत. एकशे बारा नावं वाचात, त्यामा नऊ जन वारेल शेत, आनि शेजारनी वहिनीनं नावच नही. तिले आज सकायले सांगं, ती कागद शोधी राहिनी. माय म्हनस, मी बी येस शिबिरले.